ठणठणीत कबुतरं

१

माझी सकाळ शिटेने सुरू होते. हे वाक्य मी पाहुण्यांसमोर बोललो की बायको कप इतके आपटत गोळा करते की पाहुणे आपणहून उठतात. पण शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्याला दुसरी सुरुवातच नाही. गच्चीवरच्या ढाबळीचं दार उघडायचं आणि पाखरांकडे न बघता आधी खालच्या फळ्या बघायच्या. शीट घट्ट, वर पांढरी टोपी, म्हणजे पाखरू बरं आहे. पातळ आणि हिरवी, म्हणजे आपला दिवस कामातून गेला. मग खरवडणीने फळ्या साफ करायच्या, पाणी बदलायचं, मका-वाटाणा मोजून घालायचा, शिंपल्यांचा चुरा ठेवायचा. मग एकेक पाखरू हातात घेऊन चोच उघडायची, घसा बघायचा, छातीचं हाड चाचपायचं, पंख पसरून पिसं तपासायची. आणि सगळ्यात शेवटी स्वतःचे तळहात बघायचे. निरोगी कबुतराच्या पिसांवर बारीक पांढरी पूड असते. ते हाताळलं की आपला हात पिठाच्या डब्यातून काढल्यासारखा दिसतो. दिसला नाही, तर काहीतरी बिघडलंय.

"लग्नाला एकतीस वर्षं झाली," बायको म्हणायची, "माझा घसा एकदा तरी बघितलात का?"

"तुझा घसा उत्तम आहे हे तळमजल्यापर्यंत ऐकू येतं. बघायचं काय त्यात?"

मी जन्मभर वजनकाटे दुरुस्त केले. त्यामुळे माझा विश्वास दोनच गोष्टींवर, काटा आणि डोळे. प्रत्येक पाखराचं वजन मी त्याच्या खणाच्या दारावर खडूने लिहितो. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी एकच विचारतो, वजन किती होतं?

माझी सगळ्यात चांगली मादी म्हणजे मावशी. तिला हे नाव बायकोने दिलं, कारण ती ढाबळीत शिरली की बाकीची पाखरं सरकून जागा देत. तिच्याकडे बघून जळणारा माणूस एकच, माझा धाकटा मेहुणा. समोरच्याच इमारतीत राहायचा. वय चोपन्न, पण बायको त्याला अजून बाळ्याच म्हणते. त्याचीही कबुतरं होती आणि त्याला दमाही होता. आमचे तीन जिने तो चार ठिकाणी थांबून चढायचा. खोकला दुसऱ्या मजल्यावर पोचला की बायको चहा टाकायची. तो दारात येईपर्यंत चहा उकळलेला असायचा.

२

त्या वर्षी लांबची शर्यत होती, सहाशे किलोमीटर. गाडीतून पाखरं पेट्यांमध्ये घालून नेतात, सकाळी सोडतात, आणि आपण गच्चीवर मान वर करून बसतो. सगळ्यांची पाखरं संध्याकाळपर्यंत आली. मावशी आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

"येईल," मेहुणा म्हणाला. त्याचा चेहरा दुःखी होता, पण तीन जिने तो दोनदाच थांबून चढला होता.

चौथ्या दिवशी सकाळी मी ढाबळ उघडली तर मावशी तिच्या खणात बसलेली.

मी ओरडलोच. बायको हातातलं लाटणं घेऊन वर धावली. तिला वाटलं मी पडलो. मी मावशीला हातात घेतलं. घसा गुलाबी, डोळा स्वच्छ, एक पीस मोडलेलं नाही. काट्यावर ठेवलं. चारशे बावीस ग्रॅम. खणाच्या दारावर मी जातानाचं वजन लिहिलं होतं. चारशे बावीस.

इथे मी जरा थांबलो. चार दिवस रानोमाळ भटकून आलेलं पाखरू कागदासारखं हलकं होतं. छातीचं हाड सुरीसारखं लागतं. पेटीत बसून नुसता प्रवास केला तरी पाच-दहा ग्रॅम जातात. हिचा एक ग्रॅम गेला नव्हता.

"कुणीतरी सांभाळलं असेल चार दिवस," मी म्हणालो.

"आणि बरोबर तेवढंच खायला घातलं असेल?" बायको म्हणाली. ती मागे सरकली होती. "अहो, बाकीची बघा."

बाकीची सगळी कबुतरं समोरच्या भिंतीला चिकटून एका ओळीत बसली होती. एकही घुमत नव्हतं. अठरा कबुतरं गप्प बसलेली तुम्ही कधी ऐकली नसतील. मीही ऐकली नव्हती.

मी मावशीला परत ठेवली आणि सवयीने तळहात बघितले. ते स्वच्छ होते, आंघोळ करून आल्यासारखे.

३

जनावरांच्या डॉक्टरांकडे त्या दिवशी रांगेत चार कुत्री, एक मांजर आणि मी होतो.

"काय त्रास होतोय हिला?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही."

"मग?"

"तोच तर त्रास आहे."

डॉक्टर भला माणूस. त्याने बाहेर काढलं नाही. पंख बघितले, घसा बघितला, "छान आहे हो," म्हणाला. मग छातीला नळी लावली आणि लावूनच राहिला. कपाळावर एक आठी आली, मग दुसरी.

"कबुतराचे ठोके मोजता येत नाहीत इतके भरभर पडतात," तो म्हणाला. "हिचे मी आरामात मोजले. बहात्तर."

"कमी आहेत?"

"माणसाला बरोबर आहेत." त्याने स्वतःचं मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं आणि बाहेर गेला. दवाखान्याच्या जिन्यावर पावलं वाजली. धडधड वर गेली, धडधड खाली आली, पुन्हा वर, पुन्हा खाली. बाहेरची कुत्री भुंकायला लागली. डॉक्टर घामाघूम होऊन आत आला आणि धापा टाकत मावशीच्या छातीला परत नळी लावली. दुसऱ्या हाताने स्वतःची नाडी धरली.

तो हळूहळू खुर्चीत बसला.

"पाखरू ठणठणीत आहे," तो म्हणाला. "घेऊन जा. आणि माझं एक ऐका, तिला छातीशी धरून नेऊ नका. पिशवीत न्या."

४

घरी येताना मी स्वतःची समजूत घातली. डॉक्टरांचं वय झालंय, नळी जुनी असेल, जिना चढल्यावर कानात स्वतःचेच ठोके ऐकू येतात. कारण शोधायला बसलं की कारणांची कमी नसते. वजनकाटा चुकीचा दाखवत असला तरी दुकानदाराकडे नेहमी कारण असतं. हे मी चाळीस वर्षं ऐकलं, आणि आता मीच सांगायला लागलो.

दर आठवड्याला मी पाखरांना सरावासाठी गावाबाहेर नेऊन सोडतो. तीस किलोमीटर. त्या आठवड्यात सहा नेली, मावशीसकट. ती पुढे उडाली, पाच तिच्या मागे. मी स्कूटरवरून घरी पोचलो तेव्हा सहाही आपापल्या खणात बसली होती. हेडक्लार्क नावाचा माझा म्हातारा नर होता, त्याला सारखी सर्दी असायची. त्याचं नाक कोरडं, डोळे लखलखीत. हात लावला तर पूड नाही.

पुढच्या आठवड्यात आणखी सहा.

आंघोळीच्या परातीत कबुतरं डुंबली की पाण्यावर दुधासारखी साय धरते. आता पाणी जसं घालायचो तसं राहायचं. दाणे संपायचे, पण फळ्यांवर सकाळी काही नसायचं. खरवडणी घेऊन मी उभा, आणि खरवडायला काहीच नाही. माणसाला शिटेची आठवण येऊ शकते, हे त्या दिवसांत मला कळलं.

बायकोचं उलट झालं. "किती स्वच्छ हो," ती पहिल्यांदा म्हणाली. "वास नाही, धूळ नाही. वाळत घातलेल्या चादरींवर काही नाही." दोन दिवसांनी मात्र ती वाळत घालायला वर जायचीच बंद झाली. चादरी स्वयंपाकघरात दोरीवर लटकायला लागल्या.

"का गं?"

"वर गेलं की माझ्याकडे बघतात," ती म्हणाली. "कबुतर एका डोळ्याने बघतं ना? मान वाकडी करून? ही दोन्ही डोळ्यांनी बघतात. समोरून."

मी हसलो. मग वर जाऊन बघितलं. मग मीही खाली आलो.

५

आता कोणीही विचारेल की हे सगळं दिसत असताना मी पुढच्या शर्यतीला तीच पाखरं का पाठवली. खरं सांगतो, हाव. माझी पाखरं ठणठणीत आहेत अशी तक्रार कुठल्या शर्यतवाल्याने आजवर केली आहे? शिवाय मनातल्या मनात एक हिशोब होता. जिंकली तर चषक, हरवली तर सुटलो.

मावशी आणि दहा पाखरं पेट्यांतून गेली, पुन्हा सहाशे किलोमीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गच्चीवर गेलो, नुसता वारा खायला. पाखरं यायला दुपार तरी होणार होती. ढाबळीच्या दाराशी एक पट्टी असते, तिच्यावर पाखराचा पाय पडला की पायातल्या कड्यावरून यंत्र वेळ नोंदवतं. यंत्रावर अकरा नोंदी होत्या. सहा वाजून चाळीस मिनिटं. अकराही पाखरं एकाच मिनिटात आली होती.

फोन वाजला. शर्यतीच्या क्लबचे सचिव होते. "सोडली बरं का! आत्ता, बरोबर सातला!"

"कुठली?" मी विचारलं.

"म्हणजे काय? सगळ्यांची! तुमची अकरा आमच्या माणसाने स्वतः मोजून सोडली. काय उडाली हो, बघत राहिला तो."

मी आत बघितलं. अकरा जणांनी माझ्याकडे समोरून बघितलं.

दुपारी सचिव यंत्र तपासायला आले. मास्तरकीतून निवृत्त झालेले, नियमांचं पुस्तक काखेत. त्यांनी यंत्र उलटसुलट केलं, घड्याळाशी ताडून बघितलं, मग पुस्तक उघडून बसले.

"उशिरा येण्याबद्दल सगळं आहे यात," ते अर्ध्या तासाने म्हणाले. "न येण्याबद्दलही आहे. सोडायच्या आधी येण्याबद्दल काही नाही." त्यांनी चष्मा पुसला. "तुम्हाला बाद करतो. नियम मागाहून करू."

मी त्यांचे आभार मानले. ते गोंधळले. बाद झाल्याबद्दल आभार मानणारा त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

६

त्यानंतर पंधरा दिवसांनी भर दुपारी बायकोने मला बाजारातून परतताना फोन केला. "अहो, खाली या. कोपऱ्यावर. लवकर."

कोपऱ्यावर बायको पिशव्या फुटपाथवर टाकून, दोन्ही हात पसरून उभी होती. स्कूटरी, हातगाड्या सगळ्या थांबल्या होत्या आणि लोक ओरडत होते. तिच्या पायांमागून, रस्त्याच्या अगदी कडेकडेने, एक कबुतर चालत येत होतं.

उडत नव्हतं. एक पंख जमिनीला घासत होता, शेपटीची चारच पिसं उरली होती, पायाची नखं झिजून गेली होती. दहा पावलं चालायचं, थांबायचं, मान वाकडी करून इमारतींकडे बघायचं, पुन्हा दहा पावलं. आमच्या दरवाजाशी आल्यावर ते वळलं आणि पहिली पायरी चढायला लागलं.

मी उचललं. पायातल्या कड्यावरचा नंबर मला पाठ होता.

"मावशीच ना?" बायकोने विचारलं. तिला आधीच कळलं होतं.

काटा दोनशे तीस दाखवत होता. ती वाचणार नाही असंच मला वाटलं. पण जिने एकतीस वर्षं माझ्या कबुतरांना शिव्या घातल्या, त्या बायकोने तिला स्वतःच्या जुन्या साडीत गुंडाळलं, शेगडीजवळ ठेवलं आणि ड्रॉपरने दर अर्ध्या तासाला पाणी पाजलं. संध्याकाळी मावशीने साडीवर शिटलं. पातळ, हिरवं, घाण.

"बघा हो, बघा!" बायको ओरडली, आणि आम्ही दोघं त्या साडीवर डोकी लावून लहान मुलांसारखे हसलो. तिच्या हातांवर कोपरापर्यंत पांढरी पूड लागली होती. तिने ती दोन दिवस धुतली नाही.

वरच्या मावशीचं काय करायचं, हा प्रश्न होता. ढाबळीचं दार मी उघडं टाकलं. कोणी गेलं नाही. हाकललं तर एक चक्कर मारून, मी दार लावायच्या आत, आत बसलेली असायची. मारून टाकावीत तर माझा हात होईना. मावशीचाच चेहरा तो.

तेवढ्यात मेहुणा आला. खोकत, थांबत, तीन जिने चढून.

"भाऊजी, सोडायच्या आधी येतात म्हणे तुमची?"

"बाळ्या, ती पाखरं बरोबर नाहीत."

"बरोबर नाहीत म्हणजे?"

"आजारी पडत नाहीत. घाण करत नाहीत. वजन हलत नाही."

तो इतका हसला की त्याला धाप लागली. "ही तक्रार आहे? मला द्या! ताई, सांग ना यांना."

बायकोने शेगडीजवळची मावशी दाखवली, सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ही दुसरीच कुठली तरी असेल. कडं काय, कुणीही घालतं."

मी त्याला नको म्हणालो. एकदा म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं, पण तोवर तो पेट्या आणायला गेला होता, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या छातीवरचा दगड उतरला होता. त्या दिवसांत सरावाला न नेलेली सात पाखरं मी ठेवून घेतली. बाकी सगळी तो हौसेने घेऊन गेला.

७

"यांची लबाडी काय आहे ती मी स्वतः बघणार," असं म्हणून पुढच्या शर्यतीला मेहुणा गाडीबरोबर गेला. पाखरं स्वतःच्या हाताने सोडणार होता. निघायच्या गडबडीत फोन घरी टेबलावर राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्याची बायको आमच्याकडे डबा परत द्यायला आली. "अहो वन्सं, हे आले सुद्धा. मी उठले तर खुर्चीत बसलेले. आणि तब्येत काय सुधारलीये! आल्यापासून एकदाही खोकले नाहीत."

माझ्या बायकोने डबा घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला. मी क्लबकडून गाडीच्या ड्रायव्हरचा नंबर घेऊन फोन केला. गाडी अजून पाखरं सोडायच्या जागीच उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, पाखरं सोडली तेव्हा साहेब पेट्यांमागे होते, नंतर दिसले नाहीत, आम्ही शोधतोय.

"सापडले," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मेहुणा आता रोज आमच्याकडे यायला लागला. तीन जिने न थांबता. आधी काही ऐकू यायचं नाही, एकदम दारात माणूस. चहा प्यायचा, हसायचा, विचारलेल्याला बरोबर उत्तर द्यायचा. लहानपणीचा आंब्याच्या झाडावरून पडल्याचा व्रण कपाळावर होता तो गेला होता. "क्रीम लावलं," म्हणाला.

"अहो, माणूस बरा होऊ शकतो की," मी बायकोला म्हणालो. "हवापालट झाला. औषध लागू पडलं."

ती माझ्याशी भांडली नाही. तिथेच मला भीती वाटली.

"वहिनी म्हणत होती," ती हळूच म्हणाली, "एक माणूस सारखा फोन करतो. दर वेळी वेगळ्या नंबरवरून. भयंकर खोकतो आणि म्हणतो, अगं मी बोलतोय. वहिनी म्हणते, चुकीचा नंबर आहे, हे घरीच आहेत. मग ठेवून देते." तिने मेहुण्याचा कप उचलून धुवायला ठेवला. "म्हणाली, आता नाही येत फोन. कंटाळला बिचारा."

८

शेवटचं सांगतो. गेल्या गुरुवारी, दुपारी चार वाजता.

मेहुणा आमच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, दोन्ही हात कपाभोवती. मावशी खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात होती. पंख अजून जमिनीला टेकतो तिचा, उडणार नाही आता. मी तिची फळी खरवडत होतो. बायको खिडकीशी उभी राहून दाणे निवडत होती, आणि निवडता निवडता तिचा हात थांबला.

मी खाली बघितलं.

रस्त्याच्या पार टोकाला एक माणूस भिंतीच्या कडेकडेने येत होता. दाढी वाढलेली, एका पायात चप्पल, दुसऱ्याला फडकं गुंडाळलेलं. दहा पावलं चालायचा, भिंतीला हात लावून थांबायचा, मान वर करून इमारती बघायचा. समोरच्या इमारतीपाशी तो खूप वेळ उभा राहिला. तिथे वरच्या खिडकीत त्याची बायको कपडे वाळत घालत होती. त्याने तिच्याकडे बघितलं, हात अर्धा वर केला, आणि खाली घेतला. मग रस्ता ओलांडून आमच्या दरवाजाकडे वळला.

माझ्या डोक्याने शेवटचा प्रयत्न केला. भिकारी असेल. दिवसा कितीतरी येतात.

"अहो," बायको म्हणाली. तिने मागे वळून टेबलाकडे बघितलं नाही. आवाज इतका साधा होता, जणू दूध आणायला सांगत होती. "खाली जा. त्याला जिने चढवणार नाहीत."

मी खरवडणी ठेवली. टेबलाजवळूनच जावं लागतं दाराकडे. मेहुणा माझ्याकडे बघून हसला, समोरून, आणि मीही हसलो. नात्यातला माणूस, न हसून कसं चालेल? दार उघडून जिन्यावर आलो. खालून खोकला ऐकू येत होता. तो पहिल्या पायरीवर थांबला होता, दम घेत होता, पुन्हा खोकत होता. तो खोकला मी हजारांत ओळखला असता. मी दोन-दोन पायऱ्या उतरायला लागलो. "आलो रे, आलो," असं काहीतरी ओरडलोही.

दुसऱ्या मजल्यावर पोचलो आणि माझे पाय आपोआप थांबले.

वर, आमच्या स्वयंपाकघरात, कुणीतरी खोकून बघत होतं. आधी जरा बारीक. मग जरा जास्त. आणि मग, तिसऱ्या खेपेला, अगदी बरोबर.